फुटक्या लाद्या-दगडांचं मोठं भित्तिचित्र : थेट भिंतीवर लावावं की जाळीवर?

रंगीत कौल (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी.

अंगणाच्या कुंपणभिंतीवर, आतल्या बाजूने, ८ फूट रुंद आणि ५ फूट उंच मोझॅकचं भित्तिचित्र करायचं आहे. मधोमध आंब्याचं झाड, फांद्यांत पक्षी, खाली वारली पद्धतीने फेर धरलेली माणसं. जमलेला माल असा: भिंतीच्या सिरॅमिक टाइल्सचे तुकडे दोन गोणी, व्हिट्रिफाइड (काचेसारख्या घट्ट भाजलेल्या) टाइल्सचे एक गोणी, काळ्या कडप्प्याच्या पट्ट्या, पांढऱ्या मार्बलचे तुकडे आणि सात-आठ फुटकी मंगलोरी कौलं. भिंत विटांची, गिलावा जुना, त्यावर बाहेरचा रंग दोनदा चढलेला. तोंड पश्चिमेला, त्यामुळे पावसाळ्यात सगळा मारा तिच्यावरच.

प्रश्न तीन. तुकडे थेट भिंतीवर लावावेत की आधी जाळीवर चिकटवून मग जाळी भिंतीवर चढवावी? सिमेंटची स्लरी (सिमेंट-पाण्याचा लगदा) पुरेल की टाइलचा गोंदच हवा? आणि माल किती लागेल?

ओळंबा

तिन्ही प्रश्नांच्या आधी भिंतीचं बघा. चित्र नुसत्या गोंदापायी क्वचितच पडतं, बहुतेक वेळा मागचं काहीतरी सुटलेलं असतं. रंगावर टाइल चिकटवली तर ती रंगाला धरते, भिंतीला नाही. रंगाचा पापुद्रा ज्या दिवशी सुटेल त्या दिवशी वरचं सगळं घेऊन खाली येईल.

वजनाचा अंदाज घ्या. ७ मिमी जाडीची सिरॅमिक टाइल चौरस मीटरला साधारण १४ किलो भरते, ९ मिमीची व्हिट्रिफाइड २१ च्या आसपास, आणि १८ मिमीचा कडप्पा किंवा मार्बल ४८-४९. त्यावर गोंद आणि सांध्यांचा माल मिळून ७-८ किलो. तुमचं चित्र ४० चौरस फूट म्हणजे ३.७ चौरस मीटर. निम्मं सिरॅमिक आणि निम्मा दगड धरला तर १४५ किलोच्या घरात जातं. एवढा भार त्या जुन्या गिलाव्यावर येणार.

म्हणून आधी हातोडीच्या दांड्याने सगळी भिंत वीत-वीत अंतरावर टोकून घ्या. पोकळ वाजेल तिथे खडूने गोल करत चला. गोल तुरळक असतील तर तेवढाच गिलावा काढून भरा. जिथे बघावं तिथे गोल दिसले तर मोह सोडा, चित्राच्या जागेचा सगळा गिलावा उतरवून १:४ चा (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) नवा करा, सात दिवस पाणी मारा आणि एकूण २८ दिवस थांबा. गिलावा घट्ट निघाला तर रंग आणि पुट्टी पूर्ण खरवडून टाचे मारा, २-३ मिमी खोल, इंच-दीड इंचावर एक. ब्रशने झाडून धुवून घ्या. मग हातात पाणी घेऊन शिंपडा. थेंब मण्यासारखे अडकून राहिले तर रंग अजून शिल्लक आहे. भिंतीने पाणी पिऊन टाकलं की ती तयार.

आणि जमिनीलगत पांढरं फुललेलं दिसतंय का, तेही सांगा.

रंगीत कौल

हो, खालून साधारण नऊ-दहा इंच लोणा आहे.

ओळंबा

मग चित्राची खालची कड जमिनीपासून किमान सव्वा फुटावर घ्या. खालून चढणाऱ्या पाण्याला बाहेर पडायला जागा लागते. तो पट्टा टाइलने झाकलात तर तेच पाणी आणखी वर चढून चित्रामागे क्षार सोडेल, आणि ते क्षार फुगले की तुकडे ढकलून काढतात. भिंतीला लागून फुलझाडांचा वाफा असेल तर तो फूटभर पुढे सरकवा.

कोबा

भिंतीबद्दल अनुमोदन. पण सिमेंटला कमी लेखू नका. मुंबई-पुण्याच्या गच्च्यांवर चायना मोझॅक काय गोंदाने लावलंय? खाली ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांचा) कोबा, त्यावर ओला माल, वर सिमेंटची स्लरी आणि तिच्यात पांढऱ्या टाइलचे तुकडे ठोकून बसवलेले. गोंदाच्या पिशव्या बाजारात येण्याच्या कितीतरी आधीपासून हे काम चालत आलं आहे आणि ऊन-पाऊस खात टिकून आहे. रात्रभर भिजवलेला तुकडा, ओली भिंत आणि घट्ट स्लरी एवढं जमलं तर सिमेंट धरतंच.

गिलावा पक्का

कोबा, गच्चीबद्दल तुमचं बरोबर आहे, पण तीन गोष्टी भिंतीला लागू होत नाहीत.

पहिली, गच्ची आडवी असते. तुकड्याचं वजन त्याला खाली दाबतं. भिंतीवर तेच वजन त्याला सरकवतं.

दुसरी, गच्चीवर खालचा माल ओला असतानाच तुकडा बसतो, म्हणजे सगळं एकजीव होऊन वाळतं. इथे गिलावा केव्हाच वाळून आकसून झालाय. त्यावर नुसत्या सिमेंटचा थर दिला की तो एकटाच आकसणार आणि केसासारख्या भेगा पडणार.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची. गच्चीवर लागतात ते सिरॅमिकचे तुकडे. भिंतीची सिरॅमिक टाइल स्वतःच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त पाणी पिते, म्हणजे सिमेंटचं पाणी तिच्या मागच्या छिद्रांत शिरतं आणि तिथे पकडीची मुळं धरतात. व्हिट्रिफाइड अर्धा टक्काही पाणी पीत नाही. तिच्या पाठीवर सिमेंट धरून राहायला काही नसतंच. महिन्याभराने नखाने उचकटली तरी अख्खी पाठ स्वच्छ निघते. तिला पॉलिमरचा गोंदच हवा.

पिशवीवर आयएस १५४७७ (टाइलच्या गोंदाचं भारतीय मानक) आणि टाइप बघा. टाइप १ घरातल्या साध्या सिरॅमिकसाठी असतो. तुमच्याकडे बाहेरची भिंत, व्हिट्रिफाइड आणि दगड, तेव्हा टाइप ३ तरी घ्या. काही पिशव्यांवर सी२टीई असं लिहिलेलं असतं. त्यातला टी म्हणजे भिंतीवरून न घसरणारा आणि ई म्हणजे जास्त वेळ उघडा राहू शकणारा. पुढे एस१ असेल तर उत्तम, तो थोडा लवचीक असतो. पश्चिमेची भिंत दुपारी तापते आणि एका सरीने गार होते, तेव्हा ही लवचीकता कामी येते.

प्रमाण: चौरस मीटरला दर १ मिमी जाडीमागे साधारण दीड किलो. तुमचा थर ४ मिमी धरला तर २२ किलो. दगड-टाइलच्या जाडीतला फरक भरायला आणखी लागेल, म्हणून २० किलोच्या दोन पिशव्या आणा. रंग पांढराच घ्या. मार्बल थोडा पारदर्शक असतो, करड्या गोंदाची सावली त्यातून मळक्या डागासारखी दिसते.

कोबा

व्हिट्रिफाइडचं मान्य. तरी ज्यांना नुसत्या सिरॅमिकचं छोटं काम आणि तेही घरात करायचंय, त्यांनी भिजवलेले तुकडे आणि स्लरी वापरायला हरकत नाही. पण गोंद वापरणार असाल तर तुकडे मुळीच भिजवू नका. फक्त ओल्या फडक्याने धूळ पुसा. जुन्या सवयीने बादलीत बुडवले तर गोंदाच्या पकडीची वाट लागते.

अर्धी वीट

एक भर. व्हिट्रिफाइडच्या पाठीला भट्टीतली पांढरी पूड चिकटलेली असते. बोट फिरवून बघा, बोट पांढरं होतं. तारेच्या ब्रशने घासून ओल्या फडक्याने पुसल्याशिवाय कुठलाही गोंद लावू नका, नाहीतर गोंद पुडीला धरेल.

निळी शाई

शंका: मोझॅक म्हटलं की जुन्या घरांतली, चाळींतली ठिपक्यांची लादी डोळ्यांसमोर येते. हे तेच का?

खडूची रेघ

नाही. त्या लादीत मार्बलची खडी सिमेंटमध्ये मिसळून साच्यात दाबतात आणि वरून घासून गुळगुळीत करतात. तिला टेराझो म्हणतात, आपल्याकडे मोझॅक हे नाव पडलं. इथे एकेक तुकडा हाताने मांडून चित्र उभं करायचंय.

आता पहिल्या प्रश्नाकडे. तीन रस्ते आहेत आणि तुमच्या चित्राला त्यांतले पहिले दोन लागतील.

झाडाचं खोड आणि पार्श्वभूमी थेट भिंतीवर करा. तुकडे मोठे, जाडी वेगवेगळी, दगडही तिथेच. हातात तुकडा घेऊन त्याच्या मापाने गोंद कमी-जास्त करता येतो. अडचण एवढीच की गोंद वाळायच्या आत ठरवावं लागतं. गोंदाला उघड्यावर जेमतेम २० मिनिटं मिळतात, एप्रिल-मेच्या दुपारी त्याच्या निम्मीही नाहीत. म्हणून एका वेळी दोन-तीन चौरस फुटांवरच गोंद ओढा. अधूनमधून बोट टेकवा. बोटाला लागला नाही, वर साय धरली असेल तर तो खरवडून टाका आणि ताजा लावा. त्यावर पाणी मारून तो जिवंत होत नाही.

पक्षी आणि माणसं जाळीवर करा. टेबलावर चित्र, त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक, त्यावर काचतंतूची ४-५ मिमी भोकांची जाळी. ती सिमेंटच्या क्षाराला टिकणारी आहे ना, ते विचारून घ्या. खाली बसून, दिवसाउजेडी, हवा तितका वेळ घेऊन काम होतं. एक तुकडा फार तर दीड फूट बाय दीड फूट ठेवा. त्याहून मोठा उचलला की मधून वाकतो. कापताना सरळ रेषेत कापू नका. पंखाच्या, पाठीच्या कडेने कापा, नाहीतर जोड लांबून दिसतो. कडेचे चार-पाच तुकडे मोकळे ठेवा, ते भिंतीवर चढवल्यावर जोडावर बसवायचे. प्रत्येक भागाला नंबर, वरच्या दिशेचा बाण आणि एक फोटो.

जाळीवर हमखास होणारी चूक म्हणजे तुकड्याच्या पूर्ण पाठीला गोंद फासणं. मग भिंतीचा गोंद टाइलला भेटतच नाही, तो त्या थराला भेटतो. आणि तो थर लाकडाच्या पांढऱ्या गोंदाचा असेल तर पावसात मऊ पडतो. बाहेरच्या कामात तो वापरूच नका. टाइलचाच गोंद पातळसर कालवून ज्वारीच्या दाण्याएवढे दोन-तीन ठिपके द्या, बस.

तिसरा रस्ता कागदाचा. त्याबद्दल खाली लिहितो, आधी आकाराचं. मूळ चित्र १:१२ ने काढा, म्हणजे कागदावरचा १ इंच भिंतीवर १ फूट. भिंतीवर फूटभराच्या चौकटी सुताने मारून घ्या आणि एकेक चौकट उतरवा. किंवा पूर्ण मापाच्या कागदावर काढून रेषेवर सुईने टोचे मारा, कागद भिंतीला लावा आणि फडक्यात बांधलेल्या कोळशाच्या पुडीची पुरचुंडी त्यावर आपटा. ठिपके उमटतात, ते जोडले की झालं.

निळी शाई

कोळशाच्या पुरचुंडीची युक्ती फार आवडली. वाखुसा (वाचनखूण साठवली).

खडूची रेघ

तर कागदाचा रस्ता. तपकिरी कागदावर चित्र उलटं काढायचं, तुकडे तोंड खाली करून मैद्याच्या खळीने चिकटवायचे. १ वाटी मैद्याला ५-६ वाट्या पाणी, पारदर्शक होईपर्यंत शिजवायचं. मग भिंतीवर गोंद ओढून अख्खा कागद दाबून बसवायचा. दुसऱ्या दिवशी कागद कोमट पाण्याने दोन-तीनदा ओला करून १५-२० मिनिटांनी एका कोपऱ्यातून सावकाश सोलायचा. जाडीतला सगळा फरक मागे जातो, तोंड सपाट येतं. जिथे अंग किंवा हात घासणार, उदाहरणार्थ बाकाच्या पाठीला, तिथे हाच उत्तम. फक्त अक्षरं घालणार असाल तर दोनदा तपासा. उलट काढायला विसरलात तर 'सुस्वागतम्' आरशातच वाचावं लागेल.

चिमटा

तोडण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून सविस्तर.

सिरॅमिक टाइल गोणपाटात गुंडाळा, चकचकीत बाजू खाली, आणि पाठीवर मधोमध हातोडीचा एक ठोका. दोन-तीन ठोके मारत बसलात तर चुरा होतो. मिळालेले मोठे तुकडे मग निपरने (टाइल तोडायच्या पकडीने) घडवायचे.

निपर दोन प्रकारचा. कडेने चावणारा जाड जबड्याचा, आणि दोन छोट्या चाकांचा. चाकांचा निपर काच आणि पातळ सिरॅमिकला. तो चाकांच्या मधल्या रेषेत तोडतो, म्हणून बऱ्यापैकी सरळ कापतो. जाड जबड्याच्या निपरमध्ये टाइल पूर्ण आत सारायची नाही, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. फक्त ३ मिमी कड जबड्यात द्या, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने टाइल जबड्याच्या अगदी जवळ धरा, दांड्याच्या टोकाला दाबा. कट् असा एकच आवाज येतो आणि भेग तुमच्या बोटाच्या दिशेने पुढे जाते. गोल आकार असाच कडेकडेने कुरतडत येतो. एका चाव्यात गोल होत नाही.

व्हिट्रिफाइड निपरने नीट तुटत नाही, वेडीवाकडी शकलं पडतात. तिच्या आणि दगडाच्या आकाराच्या वस्तू ग्राइंडर आणि डायमंड चकतीने, तेही पाणी सोडत कापा. कोरडं कापू नका. त्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात बसली की निघत नाही आणि सिलिकोसिसवर इलाज नाही. साधा रुमाल काही कामाचा नाही, एन९५ मास्क लागतो. डोळ्यांना चष्मा सिरॅमिक तोडतानाही. संध्याकाळी झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा.

तुटलेली प्रत्येक कड सुरीसारखी असते. मुलांच्या हाताच्या उंचीत, म्हणजे जमिनीपासून ४ फुटांपर्यंत येणाऱ्या तुकड्यांच्या कडा कार्बोरंडमच्या दगडावर पाणी घालून दोन-तीनदा घासून घ्या. चार फुटांखाली हे टाळू नका.

दगडफूल

दगडांविषयी. यादीतला कडप्पा चुनखडी जातीचा आहे. शहाबादी, कोटा, जैसलमेरचा पिवळा, सगळे त्याच कुळातले आणि मार्बलही त्यांचाच भाऊ. यांना अॅसिड चालत नाही. सांधे भरल्यावर उरलेली सिमेंटची पांढरी झाक काढायला कुणी अॅसिडची बाटली पुढे केली तर हात धरा. कडप्प्यावर लिंबू पिळलं तरी पांढरा डाग पडतो. घरी परीक्षा सोपी: कोपऱ्यावर व्हिनेगरचा थेंब टाका, बुडबुडे आले किंवा चकाकी गेली तर चुनखडी. काळा पाषाण आणि ग्रॅनाइट या थेंबाला दाद देत नाहीत.

दुसरं, पॉलिश केलेला काळा कडप्पा बाहेर काळा राहत नाही. दोन पावसाळ्यांत राखाडी होतो. खोड काळंच हवं असेल तर काळा ग्रॅनाइट घ्या, मार्बलच्या दुकानामागे त्याच्या पट्ट्या पडलेल्या असतात. राखाडी खोड चालणार असेल तर कडप्पाच ठेवा. आंब्याचं खोड तसंही राखाडीच असतं, आणि फोडलेल्या कडप्प्याची थरथर असलेली कड सालीसारखी दिसते. तो सपाट बाजूने लावण्याऐवजी एक-दीड इंचाच्या पट्ट्या करून फोडलेली कड पुढे ठेवा.

कौलांचा रंग वारली चित्राच्या गेरूसाठी अगदी हवा तसा आहे, पण ती पाणी ओढतात. कोरडं कौल गोंदातलं पाणी शोषून घेतं आणि गोंद भुकटीसारखा राहतो. हा एकच माल असा की जो लावण्याआधी ओला फडका फिरवून घ्यावा, वर पाणी चकाकत नाही इतपतच. आणि सांधे भरण्याआधी कौल आणि मार्बल दोन्हींच्या तोंडाला दगडाच्या सीलरचा (छिद्रं बुजवणाऱ्या लेपाचा) हात द्या, नाहीतर ग्राउटचा (सांधे भरायच्या मालाचा) रंग छिद्रांत बसतो आणि कायमचा बसतो.

ओळंबा

दगडफूल, कौलाच्या बाबतीत पश्चिमेच्या माऱ्यात शेवाळाचं काय?

दगडफूल

धरणारच. दर वर्षी पावसाळ्यानंतर नायलॉनच्या ब्रशने साध्या पाण्याने घासायचं आणि पूर्ण वाळल्यावर सीलरचा हात. ते नको असेल तर कौल फक्त वरच्या भागात वापरा आणि खाली विटकरी रंगाची सिरॅमिक.

खडूची रेघ

वारली माणसांबद्दल एक सूचना. कागदावर त्यांचे हातपाय रेघेचे असतात. मोझॅकमध्ये १० मिमीपेक्षा बारीक रेघ टिकत नाही. तुकडा एवढासा झाला की त्याला धरायला पाठच उरत नाही आणि दोन्हीकडचा सांधा त्याला गिळतो. म्हणून माणूस किमान १४-१५ इंच उंच ठेवा, हातपाय १०-१२ मिमीच्या पांढऱ्या पट्ट्यांचे, धड दोन त्रिकोणांचं. फेरातली माणसं कमी झाली तरी चालतील, पण लांबून माणूस ओळखू आला पाहिजे.

आणि पार्श्वभूमीचे तुकडे कसेही फेकू नका. माणसाच्या कडेने आधी एक ओळ त्याच्या आकाराला धरून लावा, मग दुसरी, आणि मग बाकी भरत जा. रांगोळीत आपण ठिपक्याभोवती रेघ कशी फिरवतो तसंच. रोमन कारागीर दोन हजार वर्षांपूर्वी हेच करत होते आणि त्यांच्या जमिनींवरचे मासे आजही पोहताना दिसतात ते त्या एका ओळीमुळे.

निळी शाई

पक्ष्यांच्या डोळ्यांना आरशाचे तुकडे आणि पंखांना फुटक्या बांगड्या लावल्या तर?

चिमटा

बांगड्या चालतील. पण त्या गोल असल्याने पाठ टेकत नाही, म्हणून अर्ध्या गोंदात बुडवून बसवा. आरशाला जपा. मागचा चंदेरी लेप सिमेंटच्या क्षाराने काळा पडतो, आंबट वास येणाऱ्या सिलिकॉननेही पडतो. पाठीला आणि कडांना आधी रंगाचे किंवा वॉर्निशचे दोन हात द्या आणि न्यूट्रल लिहिलेल्या सिलिकॉनने चिकटवा.

निळी शाई

अवांतर: फुटक्या मालाचं मोठं काम भारतात बघायचं असेल तर चंडीगढचं रॉक गार्डन. नेकचंद यांनी १९५७ मध्ये सुरू केलं, १९७६ मध्ये लोकांसाठी उघडलं. फुटकी भांडी, सॅनिटरीवेअर, बांगड्या, सगळं त्यात आहे.

कोबा

अवांतरात माझीही भर. अहमदाबादला वास्तुविशारद बाळकृष्ण दोशींचं 'संगत' बघा, त्यांचं स्वतःचं कार्यालय. कमानदार छपरांवर पूर्ण चायना मोझॅक. दोशींचा जन्म पुण्याचा, १९२७ चा. वळणावर अख्खी टाइल बसूच शकत नाही, तुकडाच बसतो, आणि पांढरा चकचकीत तुकडा ऊन परतवतो. बार्सिलोनाच्या पार्क ग्युएलमधला तो नागमोडी बाकही याच कारणाने तुकड्यांचा आहे. वास्तुविशारद गौदी आणि त्यांचे सहकारी जुजोल यांचं काम, १९०० ते १९१४ मधलं. तिथे या कामाला त्रेन्कादीस म्हणतात.

गिलावा पक्का

कोबा, तुमचा मुद्दा इथेही लागतो. तुकडा जितका लहान तितका तो खडबडीत भिंतीला नीट बसतो. हाताएवढा तुकडा आणि भिंतीत ५ मिमीचा खड्डा असला तर मागे पोकळी राहते, पाणी साठतं. बाहेरच्या भिंतीवर तुकडा ३-४ इंचांहून मोठा नको. मोठा दगड लावायचाच असेल तर भिंतीवर आणि दगडाच्या पाठीवर, दोन्हीकडे गोंद लावून थोडा हलवत दाबा. सुरुवातीचे दोन-तीन तुकडे लावल्या लावल्या उचकटून बघा. पाठ जवळजवळ पूर्ण माखलेली दिसली पाहिजे. दातेरी थापीने ओढलेल्या गोंदाच्या रेघा तशाच उभ्या दिसल्या तर दाब कमी पडतोय.

लावायला सुरुवात खालून करा. खालच्या कडेला लेव्हल बघून लाकडी पट्टी खिळ्यांनी ठोका, पहिली ओळ तिच्यावर टेकवा.

भरलेला सांधा

आता सांधे. या कामात सर्वात जास्त घाई इथेच होते.

तुकडे लावून झाल्यावर ४८ तास थांबा. सांध्यात वर आलेला गोंद टोकदार खिळ्याने खरवडून काढा, निदान ५-६ मिमी खोली मोकळी हवी. तुमचे सांधे ३ ते ६ मिमी असतील, म्हणून वाळू असलेलं ग्राउट घ्या. बिनवाळूचं बारीक ग्राउट ३ मिमीच्या वर आकसून फाटतं. ३.७ चौरस मीटरला ८ किलो धरा, १० आणा. माल पूर्ण पुरेल एवढा एकाच बॅचचा.

रंगाचा विचार आधी करा. पांढरा सांधा सगळे रंग फिके करतो आणि प्रत्येक तुकडा सुटा दाखवतो. मध्यम राखाडी किंवा मातकट सांधा रंग उठवतो. फळीवर चार तुकडे लावून दोन रंग भरून बघा, वाळल्यावर ठरवा.

पाणी पिशवीवर लिहिलंय तेवढंच, एक थेंब जास्त नको. जास्त पाण्याने रंग डागडागी येतो आणि सांधा पुढे पीठ सोडतो. घट्ट श्रीखंडासारखं झालं पाहिजे. कालवून १० मिनिटं ठेवा, पुन्हा पाणी न घालता ढवळा. रबरी पाट्याने तिरपं, सांध्याच्या आडवं ओढत दाबून भरा. एका वेळी ५-६ चौरस फूट.

मग थांबा. साधारण २०-३० मिनिटांनी बोट दाबलं की ठसा उमटतो पण बोटाला लागत नाही, ती वेळ. स्पंज पाण्यात बुडवून इतका पिळा की थेंब पडणार नाही. एक हात फिरवला की स्पंज उलटा, दुसरा हात, मग धुवायचा. त्याच मळक्या बाजूने पुन्हा फिरवला तर काढलेला माल परत टाइलवर जातो. लवकर पुसलं तर सांधा खोल निघतो, उशीर केला तर दगडाच्या खडबडीत तोंडावर तो कायमचा राहतो. म्हणून फोडलेल्या कडप्प्याभोवती पाटा चालवूच नका. प्लॅस्टिकच्या पिशवीचा कोपरा कापून त्यातून ग्राउट सांध्यात पिळा, केकवर नक्षी काढतात तसं.

दुसऱ्या दिवशी उरलेली झाक कोरड्या सुती फडक्याने घासा. नंतर तीन दिवस सकाळ-संध्याकाळ हलकं पाणी शिंपडा आणि दुपारच्या उन्हात ओलं गोणपाट टांगा. ताज्या सांध्याला ऊन लागलं की तो भुसभुशीत होतो.

अर्धी वीट

एपॉक्सी (सिमेंटऐवजी रेझिनचं) ग्राउट?

भरलेला सांधा

पाणी अडवायला ते सरस आहे, पण या भिंतीला नको. मागून ओल असलेल्या जुन्या विटांच्या भिंतीला श्वास हवा. शिवाय एपॉक्सी वेळेत पुसलं गेलं नाही तर खडबडीत दगडावरून निघत नाही. पाण्याच्या टाकीला किंवा न्हाणीघराला वापरा.

रंगीत कौल

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं. तर ठरलं ते असं: गिलावा टोकून, रंग काढून टाचे, खाली सव्वा फूट मोकळं, खोड आणि पार्श्वभूमी थेट, पक्षी आणि माणसं जाळीवर, टाइलचा पांढरा गोंद टाइप ३, सांधे मातकट. माणसं बारावरून सातवर आणली. दोन गोष्टी राहिल्या. वरच्या कडेला काय करायचं? आणि आता फेब्रुवारी संपत आला, पावसाआधी होईल का?

ओळंबा

होईल. नवा गिलावा करावा लागला तरी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात लावायला घेता येईल. त्यावेळी भिंत पश्चिमेची असल्याने सकाळी ७ ते ११ काम करा. दुपारी ती तापते आणि गोंद लावता लावता सुकतो. सांधे भरल्यापासून पहिल्या सरीपर्यंत किमान तीन आठवडे मिळाले पाहिजेत, म्हणजे १५ मेच्या आत सांधे भरून व्हायला हवेत.

वरची कड महत्त्वाची, पाणी मागे शिरतं ते तिथूनच. भिंतीच्या माथ्यावर कडप्प्याची किंवा ग्रॅनाइटची पट्टी बसवा, चित्राच्या पुढे दीड-दोन इंच येईल अशी, किंचित पुढच्या बाजूला उतार देऊन. पट्टीच्या खालच्या अंगाला कडेपासून अर्ध्या इंचावर चकतीने एक चर मारून घ्या. पाणी त्या चरापाशी तुटून खाली पडतं, भिंतीवर वळत नाही. चित्र आणि पट्टी यांच्यात ६ मिमी जागा सोडून तिथे ग्राउट नाही, बाहेरचं सिलिकॉन भरा. बाजूच्या दोन्ही कडांनाही तसंच. उन्हात चित्र पसरतं, त्याला सरकायला जागा लागते. जागा नसली तर मधूनच फुगून वर येतं.

भरलेला सांधा

आणि त्याच बॅचचं अर्धा किलो ग्राउट आणि प्रत्येक रंगाचे मूठभर तुकडे हवाबंद डब्यात बाजूला ठेवा. पहिल्या पावसाळ्यानंतर पुन्हा एकदा सगळं टोकून घ्या. एखादा तुकडा पोकळ वाजला तर तो तेव्हाच काढून बसवा, शेजारचे सुटायच्या आत.

रंगीत कौल

डबा आजच ठेवते. उद्या सकाळी भिंत टोकायला घेतेय. खडूचे गोल किती निघतात ते इथेच कळवते.